निळ्या पाटीची कुळकथा

युरोपात किंवा तुर्कस्तानात लांब पल्ल्याच्या अनेक ट्रकांच्या पुढेमागे एक निळी पाटी लावलेली असते. रुंदी ४०० मिलिमीटर, उंची २५०. तिच्यावर टी, आय, आर ही तीन रोमन अक्षरं, म्हणजे ‘आंतरराष्ट्रीय रस्तेवाहतूक’ याच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरं, पांढऱ्या रंगात, २०० मिलिमीटर उंचीची. ही मापं कंपनीच्या मर्जीवर सोडलेली नाहीत, आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात ती छापलेली आहेत. असा ट्रक सीमेवर आला की कस्टमचा माणूस सील तपासतो, एका पुस्तिकेवर शिक्का मारतो, तिचं एक पान फाडून घेतो आणि गाडी सोडतो. माल खाली उतरत नाही. अनामत रक्कम भरावी लागत नाही. संशय आला तर गाडी उघडण्याचा अधिकार त्याच्याकडे आहेच, पण एरवी तो सीलवर विश्वास ठेवतो.

दोन देशांमधला मालवाहतुकीचा मार्ग खुला करायचा म्हटलं की आपल्याकडे बोलणं सुरू होतं ते रस्ते, पूल, बंदरं आणि सामंजस्य करारांवर. ते सगळं लागतंच. पण या पाटीचं मूळ शोधत गेलं की दिसतं, रस्ता तयार असूनही गाडी अडते ती एका जुन्या प्रश्नावर: वाटेत माल गायब झाला तर त्याची जकात कोण भरणार? या प्रश्नाचं उत्तर सरकारांनी एकट्याने शोधलं नाही, वाहतूकदारांनीही नाही. दोघांनी मिळून शोधलं, आणि म्हणूनच ते टिकलं.

समजा, १९४८ साली एक ट्रक रॉटरडॅमहून मिलानला निघालाय. वाटेत बेल्जियम, फ्रान्स, स्वित्झर्लंड. माल इटलीत विकला जाणार, म्हणून आयातकर इटलीत. मधल्या देशांना त्यातून काही मिळायचं नाही, पण धास्ती मात्र प्रत्येकाला: हा माल आपल्याच हद्दीत गुपचूप विकला गेला तर? त्यामुळे प्रत्येक सीमेवर माल उतरवून तपासा, नाहीतर कराएवढी रक्कम ठेवून घ्या, नाहीतर गाडीसोबत पहारेकरी पाठवा. वाहतूकदाराला प्रत्येक देशात आपला जामीन शोधावा लागे. अनोळखी मुलुखात परक्या ड्रायव्हरला कोण जामीन राहणार? महायुद्धाने युरोपचे कारखाने मोडले होते, रेल्वे खिळखिळी झाली होती आणि पुन्हा उभं राहण्यासाठी माल हलायला हवा होता. अशा वेळी प्रत्येक नाक्यावर ताडपत्री सोडायची आणि पुन्हा बांधायची, हे परवडण्यासारखं नव्हतं.

या अडचणीवरचा तोडगा एका वेगळ्या प्रवाशाने आधीच वापरून पाहिला होता, तो म्हणजे मोटार घेऊन फिरायला निघालेला हौशी पर्यटक. मोटार हीसुद्धा आयातीची वस्तू, तिच्यावरही कर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत युरोपातल्या ऑटोमोबाइल क्लबांनी सरकारांना सांगितलं की आमचा सदस्य मोटार परत घेऊन जाईल, नाही नेली तर कर आम्ही भरू. त्याबदल्यात सदस्याला पुस्तिका मिळे आणि सीमेवर पैसे ठेवावे लागत नसत. ही पद्धत आजही जिवंत आहे. भारतातून स्वतःच्या गाडीने लंडनला निघालेल्यांना वाटेतल्या काही देशांसाठी अशीच पुस्तिका लागते आणि ती मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते.

१९४७ साली संयुक्त राष्ट्रांचा युरोपसाठीचा आर्थिक आयोग जिनिव्हात स्थापन झाला. २३ मार्च १९४८ रोजी त्याच शहरात आठ देशांच्या वाहतूकदार संघटनांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय रस्तेवाहतूक संघ उभा केला. व्यवहारात तो आयआरयू या अक्षरांनीच ओळखला जातो. सरकारं एका इमारतीत, धंदेवाले दुसरीत, आणि दोघांनाही ट्रक चालू हवेत. १९४९ मध्ये काही मोजक्या युरोपीय देशांनी तात्पुरती व्यवस्था लागू केली. ती जमतेय असं दिसल्यावर १९५९ मध्ये रीतसर टीआयआर करार झाला. आधी करून पाहिलं, मग कायद्यात बसवलं, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

व्यवस्थेचा गाभा जामिनाची साखळी. प्रत्येक देशातली एक वाहतूकदार किंवा व्यापारी संघटना आपल्याच सरकारला लिहून देते की आमच्या देशात ही पुस्तिका घेऊन येणाऱ्या कोणत्याही गाडीच्या, मग ती परदेशी का असेना, बुडालेल्या कराला ठरलेल्या मर्यादेपर्यंत आम्ही जबाबदार. इटलीत डच ट्रकमधला माल गायब झाला आणि थेट जबाबदार असलेल्याकडून वसुली झाली नाही, तर इटलीच्या कस्टमला हॉलंडमध्ये माणसं पाठवायची गरज नाही. ते आपल्याच देशातल्या, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या, आपल्याच न्यायालयाच्या कक्षेतल्या संघटनेकडे जातात. ती पैसे भरते आणि आयआरयू व विमा कंपन्यांमार्फत पुढची वसुली होते. मुदतीही बांधलेल्या आहेत: गडबड झाल्याचं साधारणपणे एका वर्षाच्या आत संघटनेला कळवायचं, आणि रीतसर दावा आला की संघटनेने तीन महिन्यांत पैसे भरायचे. हमीची शिफारस केलेली कमाल रक्कम कित्येक दशकं एका पुस्तिकेमागे ५० हजार डॉलर होती. अलीकडे ती एक लाख युरो झाली.

संघटना हे ओझं का घेते? कारण ती आपल्या सदस्यांना ओळखते. कोणाचा हिशेब चोख आहे आणि कोणाच्या गाड्या रात्री आडवाटेला थांबतात, हे कस्टमच्या साहेबाच्या आधी त्याच धंद्यातल्या माणसांच्या कानावर येतं. ज्याच्यावर भरवसा नाही त्याला पुस्तिकाच द्यायची नाही. सरकारला हवी असलेली छाननी अशी धंद्याच्या आतच होते.

पुस्तिकेला ‘कारनेट’ म्हणतात. शाळेच्या देणगीचं पावतीपुस्तक आठवा: पान फाडून द्यायचं, स्थळप्रत पुस्तकात राहते. कारनेटची पानं जोडीने येतात, एक पांढरं आणि एक हिरवं. प्रत्येक देशासाठी एक जोडी. आत शिरताना पांढरं पान कस्टम घेतं, बाहेर पडताना हिरवं; दोन्हींच्या शिक्का मारलेल्या स्थळप्रती पुस्तिकेत उरतात. त्या देशाने मग आपली पांढरी आणि हिरवी पानं जुळवून पाहायची. जोडी जुळली तर गाडी सुखरूप बाहेर गेली. हिरवं पान आलंच नाही, तर विचारपूस सुरू. प्रवास जितक्या देशांतून तितक्या जाड पुस्तिका: चार, सहा, चौदा, वीस पानांच्या.

कागद असा चोख, तर गाडीही तशीच लागते. कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ताडपत्रीच्या दोरीबद्दल जे लिहिलंय ते वाचताना, रात्री ट्रकमधून दोन खोकी काढणाऱ्या चोराचं डोकं कोणीतरी किती बारकाईने अभ्यासलं होतं ते कळतं. दोरी पोलादी तारेची असेल तर किमान तीन मिलिमीटर जाडीची. ताग-अंबाडीसारख्या धाग्याची असेल तर किमान आठ मिलिमीटर, आणि तिच्यावर न ताणलं जाणारं पारदर्शक प्लास्टिकचं आवरण, म्हणजे मध्ये कापून जोडली तर डोळ्याला दिसेल. दोरी अखंड, एकाच तुकड्याची. दोन्ही टोकांना धातूची टोपणं आणि टोपणातून आरपार पोकळ रिबिट, कारण त्यातूनच सीलची तार ओवायची. ज्या कड्यांतून दोरी जाते त्या एकमेकींपासून साधारण २०० मिलिमीटरपेक्षा लांब ठेवायच्या नाहीत, नाहीतर मधल्या फटीतून हात जाईल. या सगळ्याची तपासणी करून गाडीला प्रमाणपत्र मिळतं आणि दर दोन वर्षांनी ती पुन्हा दाखवावी लागते.

१९५२ साली जेमतेम तीन हजार कारनेटं निघाली होती. १९६० मध्ये आकडा एक लाखावर गेला, १९७० मध्ये आठ लाखांवर. तोवर कंटेनर आला होता. एकच पेटी ट्रकवरून जहाजावर आणि तिथून पुन्हा ट्रकवर जाऊ लागली. त्यासाठी १९७५ मध्ये करार नव्याने लिहिला गेला: प्रवासाचा निदान एखादा टप्पा रस्त्याने असेल तर बाकीचा रेल्वेने किंवा समुद्रमार्गे झाला तरी कारनेट चालेल. भारताच्या दृष्टीने हे वाक्य सर्वांत मोलाचं, कारण आपल्या पश्चिमेच्या व्यापाराला समुद्र ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही.

मग आला वाईट काळ. पूर्व युरोपातल्या राजवटी कोसळल्या, सीमा उघडल्या, पूर्व-पश्चिम वाहतूक एकदम वाढली. १९९२ मध्ये कारनेटनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला, २००१ मध्ये सत्तावीस लाखांचा. गर्दीत चोरही शिरले. सिगारेट आणि दारूचे ट्रक युरोपात येत, माल वाटेतच विकला जाई आणि कारनेटवर ‘देशाबाहेर गेला’ असा बनावट शिक्का बसे. कागदी पानं एका कचेरीतून दुसरीकडे टपालाने पोचेपर्यंत टोळी पसार. दावे इतके चढले की तंबाखू आणि दारूसाठीची मोठ्या रकमेची हमी थांबवावी लागली. १९९६ मध्ये युरोपीय संसदेने पारगमन व्यवस्थेतल्या घोटाळ्यांसाठी खास चौकशी समिती नेमली.

सवलतीच्या कागदाचा दुरुपयोग आपल्या इतिहासालाही ठाऊक आहे. मुघल बादशहाच्या १७१७ च्या फर्मानाच्या आधारे ईस्ट इंडिया कंपनी बंगालमध्ये दस्तकं, म्हणजे परवाने, देऊन बिनजकातीचा माल हलवत असे. कंपनीचे नोकर ती आपल्या खासगी व्यापारासाठी वापरू लागले. नवाब मीर कासिमने १७६३ मध्ये वैतागून सगळ्याच व्यापाऱ्यांची जकात माफ केली आणि प्रकरण लढाईवर गेलं. दस्तकामागे कोणी जामीन नव्हता. गैरवापर झाला तर नवाबाने कोणाकडून वसूल करायचं, याला उत्तरच नव्हतं. कारनेटच्या बाबतीत पैसे अडकलेले होते ते संघटनांचे आणि विमेवाल्यांचे, म्हणून सुधारणेची घाई त्यांनाच होती. १९९५ पासून माल पोचल्याची खबर शेवटच्या कस्टम कचेरीने संगणकावरून आयआरयूला कळवायची पद्धत आली. बनावट शिक्का मारला तरी खबर येत नाही, आणि चोरी उघडी पडते. १९९९ पासून कोणत्या वाहतूकदाराला व्यवस्थेत घ्यायचं याच्या अटी करारातच घातल्या गेल्या. २०२१ च्या मे महिन्यात कागदाविना, पूर्णपणे संगणकावर चालणाऱ्या कारनेटचं परिशिष्ट लागू झालं.

युरोपीय संघ वाढत गेला तशी तिथली अंतर्गत गरज संपली आणि निळी पाटी पूर्वेकडे सरकली. चीन २०१६ मध्ये करारात आला. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये कझाक सीमेवरच्या खोर्गोसहून निघालेला ट्रक तेरा दिवसांत पोलंडला पोचला. भारताने १५ जून २०१७ रोजी सही-शिक्क्याचे कागद दिले, एकाहत्तरावा सदस्य म्हणून. जामीन राहिली फिक्की ही उद्योगांची संघटना. मार्च २०१९ मध्ये अफगाणिस्तानातून इराणच्या चाबहार बंदरामार्गे निघालेला पहिला कारनेटचा माल भारतात उतरला.

पूर्वेच्या सीमेवर मात्र अजून जुनंच चित्र आहे. पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलला भारतीय ट्रक सीमा ओलांडून बांगलादेशातल्या बेनापोलच्या आवारात जातो, तिथे माल उतरतो आणि बांगलादेशी ट्रकवर चढतो. हमाली, तूट-फूट, खोळंबा हे सगळं मालाच्या किमतीत मिसळतं. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी २०१५ मध्ये थिंफूला मोटारवाहन करार केला. त्याच वर्षी कोलकात्याहून ढाक्यामार्गे आगरतळ्याला चाचणीचा ट्रक गेला आणि ईशान्येचा सुमारे हजार किलोमीटरचा वळसा वाचतो हे दिसलं. भूतानच्या संसदेची मंजुरी अडली. बाकीच्यांनी पुढे जायचं ठरवलं तरी नियमित वाहतूक उभी राहिली नाही. मला वाटतं, इथे मंत्र्यांच्या बैठका पुष्कळ झाल्या, पण दोन्हीकडच्या वाहतूकदार संघटनांना जामीन म्हणून एका टेबलावर बसवण्याचं काम मागे राहिलं. सीमेवरच्या गोदामवाल्यांचं आणि हमालांचं पोट या उतरवण्यावर चालतं, त्यांच्याशी बोलल्याशिवाय ते होणारही नाही.

याउलट न्हावा शेव्यापासून सुरू होणाऱ्या मार्गाकडे पाहा. भारत, इराण आणि रशिया यांनी सप्टेंबर २००० मध्ये सेंट पीटर्सबर्गला उत्तर-दक्षिण वाहतूक मार्गाचा करार केला: मुंबईहून समुद्राने बंदर अब्बास, तिथून इराण ओलांडून कॅस्पियन किंवा अझरबैजान, मग रशिया. सुमारे ७,२०० किलोमीटर. वर्षानुवर्षं तो नकाशावरच होता. मालवाहतूक दलालांच्या अखिल भारतीय महासंघाने २०१४ मध्ये सरकारच्या पाठिंब्याने न्हावा शेव्याहून बाकूला आणि आस्त्राखानला प्रत्यक्ष माल पाठवून पाहिला. कुठे किती दिवस गेले, कोणत्या कागदावर गाडी अडली, खर्च कुठे झाला, हे धंद्यातल्या माणसांनी टिपलं. पंधरा टन मालामागे सुमारे अडीच हजार डॉलर वाचू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. जून २०२१ मध्ये हेलसिंकीहून कागदाचे कंटेनर घेऊन आगगाडी निघाली, ती न्हावा शेव्यासाठीच.

त्या आगगाडीचे कंटेनर अझरबैजानच्या सीमेवर आस्ताराला ट्रकवर चढवावे लागले. आस्तारा ते रश्त हा १६२ किलोमीटरचा इराणी लोहमार्ग तेव्हा नव्हता. तो बांधण्यासाठी रशिया आणि इराण यांनी मे २०२३ मध्ये करार केला, पण अशा कामांना वर्षं लागतात. तोवर तो टप्पा रस्त्याचाच राहील, आणि कारनेटला हवा असलेला रस्त्याचा टप्पा तोच. रशिया, अझरबैजान, इराण, भारत चारही देश करारात आहेत. प्रत्येकाकडे जामीन राहणारी संघटना आहे. न्हावा शेव्याच्या छोट्या मालवाहतूकदारांना फिक्कीचं कारनेट कसं मिळवायचं हे समजावून सांगायला, आणि कस्टमच्या नाक्यावरच्या अधिकाऱ्याला हिरव्या-पांढऱ्या पानांची सवय लावायला रेल्वे पूर्ण होण्याची वाट पाहण्याचं कारण नाही.