हर्णै

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मासेमारी बंदर व सागरी पर्यटनाचे ठिकाण. ‘हर्णे’ असेही लिहितात. दापोलीहून घाट उतरून आसूद-मुरुडच्या नारळी-पोफळींच्या बागांकडचा रस्ता धरला की इथे येता येते. उत्तरेस जोग नदीची खाडी आणि तिच्यापलीकडे आंजर्ले. बंदराला लागून पाजपंढरी ही कोळ्यांची दाट वस्ती आहे.

बंदर म्हटले की धक्का डोळ्यांपुढे येतो. हर्णैचा व्यवहार मात्र पिढ्यान्‌पिढ्या उघड्या वाळूवरच वाढला. मोठ्या नौका खोल पाण्यात नांगर टाकतात, मासळी लहान होड्यांतून काठाकडे येते आणि होडी जिथे टेकते तिथून पुढे बैलगाडी. आस बुडेपर्यंत पाण्यात उभे राहून टोपल्या चढवून घेणारे बैल ही इथली जुनी ओळख. सकाळी आणि दुपार कलल्यावर लिलाव होतो. पापलेट, सुरमई, कोळंबी, म्हाकूळ यांचे ढीग वाळूवरच लागतात, भोवती कोंडाळे जमते आणि बोली पुकारली जाते. ढीग सुटला की त्यावर बर्फ पडतो आणि माल टेंपोत चढतो. घरापुरती मासळी हवी असणाऱ्याने या गर्दीत न शिरता कडेला वाटे मांडून बसलेल्या बायकांकडे जावे. घासाघीस तिथेही करावी लागतेच.

बंदराचा खरा उणेपणा आसऱ्याचा. समोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचे बेट लाटांचा थोडा मारा अडवते, पण वादळाचा इशारा आला की नौका आंजर्ल्याच्या खाडीत न्याव्या लागतात. खाडीच्या मुखाशी गाळ साचतो, त्यामुळे भरतीची वेळ चुकली तर आसऱ्याची वाटच धोक्याची होते. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाचा या किनाऱ्याला मोठा तडाखा बसला. पक्क्या धक्क्याची मागणी कित्येक दशकांची आहे. 1 जून ते 31 जुलै या बंदीकाळात यांत्रिक नौका किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. जाळी विणणे आणि डागडुजी तेव्हाच उरकते.

किनारी आगबोटींच्या काळात मुंबईकर चाकरमान्यांचे हे उतरण्याचे ठिकाण होते. आगबोट दूर उभी राही आणि उतारू पडावातून काठाला येत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे.

काठावरचे कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा हे तीन किल्ले आणि समुद्रातला सुवर्णदुर्ग मिळून जुन्या आरमारी ठाण्याचा आवाका कळतो. कनकदुर्गावर आता दीपगृह आहे, तर फत्तेगडावर घरे झाली आहेत. सुवर्णदुर्ग आंग्र्यांचे बलाढ्य ठाणे होते. एप्रिल 1755 मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते, हे अनेकदा सोयीस्करपणे विसरले जाते. जेम्सच्या पश्चात त्याच्या पत्नीने 1784 मध्ये लंडनजवळ शूटर्स हिल येथे स्मारक म्हणून बुरूज बांधला, त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. सुवर्णदुर्गाचा उच्चार इंग्रजी जिभेवर असा वळला! जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंदल्या गेलेल्या मराठा लष्करी स्थळांच्या बारा किल्ल्यांत सुवर्णदुर्ग आहे.

किल्ल्यावर जाण्यासाठी बंदरातूनच होड्या मिळतात. तिकडे उतरायलाही धक्का नाही. गुडघाभर पाण्यात उतरायची तयारी हवी. दरवाजाच्या पायरीवर कोरलेले कासव आणि तटावरचा मारुती आवर्जून पाहण्याजोगे. डॉल्फिन दाखवण्याच्या फेऱ्याही निघतात, पण ते दिसणे नशिबाचे. पावसाळ्यात ही होडीसफर बंद असते. इतर दिवशी परतायची वेळ होडीचा तांडेल भरती-ओहोटी बघून सांगतो, आणि ती पाळावी.