व्हेनिसची पुतळी

मराठी नवरीच्या गळ्यात ठुशी, मोहनमाळ, चपलाहार यांच्या जोडीला पुतळ्यांची माळ असते. तिच्या चकत्यांवर आता बहुतेक लक्ष्मी असते. पण दोनशेहून जास्त वर्षांपूर्वीची अस्सल पुतळी हाती लागली तर तिच्यावर दोन पुरुष दिसतील. डावीकडे उभा संत मार्क, उजवीकडे त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा डोज, म्हणजे त्या गणराज्याचा प्रमुख, आणि दोघांच्या मधोमध झेंड्याची काठी. उलटून पाहिलं तर चांदण्यांच्या लंबगोलात येशू. आपल्या पणज्या-खापरपणज्या मंगळागौरीला, हळदीकुंकवाला ही मंडळी गळ्यात घालून मिरवत होत्या आणि त्यावरून कुणाचा धर्म बुडाला नाही. सोनं चोख होतं, बाकी चौकशा कुणाला करायच्या होत्या?

हे नाणं म्हणजे व्हेनिसचा डुकाट. 1284 मध्ये त्याची सुरुवात झाली. व्यास दोन सेंटिमीटरच्या आसपास, वजन साडेतीन ग्रॅम, आणि कस त्या काळच्या कारागिरीला साधेल तितका शुद्ध. पुढची पाचशे वर्षं, 1797 मध्ये नेपोलियनने ते गणराज्य बुडवेपर्यंत, डोज आले आणि गेले, नाण्यावरचं नाव बदलत राहिलं, पण चित्र आणि कस जवळजवळ तसेच राहिले. युरोपातल्या राजांचा हात आखडला की ते नाण्यात हीण मिसळत. व्हेनिसचं पोट परक्या बाजारात खपण्यावर होतं, त्यामुळे त्यांना ही चैन परवडणारी नव्हती. दूरच्या गावचा सराफ त्यांचं नाणं न घासता घेतो, हीच त्यांची मिळकत.

मिरी आणि मसाल्यासाठी हे सोनं अलेक्झांड्रियाला जाई, तिथून तांबड्या समुद्रातून चौल, दाभोळ, गुजरात, मलबारच्या बंदरांत उतरे. ही वाट आधीच मळलेली होती. भारत दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी कुरकूर रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच केली होती. भोक पाडलेली, कडी लावलेली रोमन नाणी आणि त्यांच्या नकला आपल्याकडे सापडतात. पुतळीचा वंशवृक्ष काढायचा तर मूळपुरुष तिथे आहे. परक्या राजाचा चेहरा असलेलं नाणं आपण गल्ल्यात ठेवत नाही, गळ्यात घालतो, ही खोड जुनी आहे.

सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्याची यादी आहे. तीत होनांच्या नाना जातींबरोबर पुतळ्याही आहेत. राजाच्या खजिन्यात ते चलन होतं. घरात आल्यावर त्याचं काम पालटलं. सोनाराने वर कडी डागली, पटवेकऱ्याने गोफात ओवलं, आणि नाणं बाजारातून उठून अंगावर आलं. मागणी इतकी, की इथले सोनार स्वतःच पुतळ्या पाडू लागले. अशा नकलांवर लॅटिन अक्षरांच्या नुसत्या काड्या झालेल्या दिसतात. पाडणाऱ्याला वाचता येत नव्हतं, घेणाऱ्याला वाचायचं नव्हतं.

गुंतवणुकीच्या सल्ल्यांत हल्ली सगळा भर संयमावर असतो. पुतळीच्या माळेने संयमाची जबाबदारी माणसावर टाकलीच नव्हती, हे मला तिचं खरं शहाणपण वाटतं. माळ मोडायची तर आधी घरात विषय काढावा लागे. सासू, दीर, माहेरची माणसं यांना कळे. मग पेढीवर जायचं, सोनार कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढणार, तोळा-मासा-गुंज करणार, घट धरणार, आणि संध्याकाळपर्यंत आळीत बातमी होणार की अमक्यांच्या घरातली माळ गेली. या सगळ्यातून जायला तशीच वेळ यावी लागे. भाव रोज कळत नसे, आणि कळला तरी त्याने गळ्यातल्या माळेला काही होत नसे. शिवाय ती लग्नकार्यात घालता येई. ठेवीच्या पावतीने कुणी नटलेलं ऐकिवात नाही.

याचे गोडवेही फार गाऊ नयेत. स्त्रीधन म्हणायचं आणि मोडताना जिचं आहे तिला विचारायचंही नाही, असं किती घरांत झालं असेल. दारूपायी, पत्त्यांपायी गेलेल्या माळा काही थोड्या नसतील. आणि पेटीत पडलेलं सोनं व्याज देत नाही.

माळ मोडण्याची वेळ सगळ्या देशावर 1931 मध्ये आली. मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते, सारा आणि सावकाराचं व्याज मात्र हटत नव्हतं. त्या सप्टेंबरात ब्रिटनने सुवर्णमानक सोडलं, पौंडाला बांधलेला रुपया त्याच्याबरोबर घसरला आणि सोन्याचा रुपयातला भाव चढला. शतकानुशतकं सोनं गिळणारा देश ते ओकू लागला. खेड्यापाड्यांतले डाग गावच्या सोनाराकडून मुंबईच्या बाजारात आणि तिथून बोटीने लंडनला गेले. तेव्हाचे अर्थपंडित या निर्यातीवर कडाक्याने भांडले. पण ज्यांनी माळ मोडून सारा भरला, त्यांच्यापुरतं सोन्याने ठरलेलं काम चोख केलं होतं.

स्वतंत्र भारताच्या सरकारला या सवयीचा राग होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. परदेशी चलन सोन्यात जात होतं. चीनच्या युद्धानंतर जानेवारी 1963 मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवा दागिना 14 कॅरटच्या वर करायचा नाही. चोख सोन्याची पुतळी घडवणं त्यामुळे रातोरात गुन्हा ठरलं आणि सोनारांच्या घरच्या चुली विझल्या. पुढे 14 कॅरटची अट गेली, पण 1968 च्या कायद्याने नियंत्रण राहिलंच. ते उठवलं 1990 मध्ये अर्थमंत्री मधु दंडवते यांनी. आयुष्यभर समाजवादी राहिलेल्या, कोकणातल्या राजापूरमधून निवडून येणाऱ्या माणसाने सोन्याला मोकळं करावं, हा योग मोठा मजेशीर. वर्षभराने, 1991 मध्ये, देशाच्याच तिजोरीतलं सोनं परदेशात तारण ठेवावं लागलं. बायकांना सोन्याचा सोस सोडा म्हणणाऱ्या सरकारने अडचणीत तेच केलं, जे त्या करत आल्या होत्या.

सोन्याचं एक गुपित मात्र माळ घालणारीला कधीच कळलं नाही. जानेवारी 1980 मध्ये औंसाला 850 डॉलरपर्यंत चढलेलं सोनं 2001 मध्ये 300 च्याही खाली होतं. इथे ती पडझड दिसली नाही, कारण रुपया त्याहून वेगाने पडत होता. कागदावर भाव एकूणात वाढत होता, महागाईच्या मानाने सोनं मागे पडत होतं. रोज भाव न पाहण्याचं सुख होतं, तशी ही त्याची किंमतही होती.

2007 मध्ये सोन्याचा ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात विकला-घेतला जाणारा सोन्याचा फंड, आला, नोव्हेंबर 2015 मध्ये सरकारचे सुवर्ण रोखे. मजुरी नाही, घट नाही, चोराची भीती नाही, रोख्यांवर तर वर थोडं व्याज. पहिल्या मालिकेत ग्रॅमला 2,684 रुपये भरणाऱ्याला आठ वर्षांनी 6,132 रुपये मिळाले. सरकारलाच ते इतकं महाग पडलं, की फेब्रुवारी 2024 नंतर नवे रोखे निघालेले नाहीत. रोख्याला आठ वर्षांची मुदत तरी होती, ईटीएफला तेवढाही आडोसा नाही. ऑफिसच्या लिफ्टमध्ये उभ्या उभ्या तो फोनवर बटण दाबून विकता येतो, सासूला पत्ता लागत नाही. ज्या बाईच्या माळेवर दुसऱ्यांनीच हक्क सांगितला तिच्या नातीला ही सुटका वाटली, तर तिचं काय चुकलं? भाव पडल्यावर घाबरून विकण्याची मोकळीकही त्याच बटणात आहे, इतकंच.

लग्नातली माळ तरीही गेलेली नाही. सोन्याचा भाव असा, की हौस एक ग्रॅमच्या दुकानात भागवली जाते. पितळेच्या चकत्या, वर सोन्याचं पाणी, मधोमध लक्ष्मी. नवरीचं खरं सोनं असलं तर डीमॅट खात्यात असतं, तिच्या एकटीच्या नावावर, आणि लग्नाच्या फोटोत ते कुठेच दिसत नाही.