शब्द दिला कुणाला?

नारायणगावचं मंगल कार्यालय. मे महिना. पंखे गरम वारा ढकलतायत. पाटावरच्या पोराच्या डोक्यावर नवी टोपी, खांद्यावर टॉवेल, कपाळाला ओला टिळा. कुंकवाचा एक कण ओघळून नाकाच्या शेंड्यावर थांबलाय आणि तो पुसायची त्याची छाती नाही.

"आजोबा, हा कोण?" तुम्ही शेजारी विचारता.

"नवरदेव की."

"लग्न तर अजून व्हायचंय ना?"

"सुपारी फुटली, आता काय राहिलं?"

शिकल्यासवरल्यांच्या मराठीत मात्र तो 'वाग्दत्त वर'. वाक् म्हणजे बोलणं, दत्त म्हणजे दिलेलं. पण शब्दाने देऊन टाकायची ती मुलगी, वाग्दत्ता. ह्याला कुणी कुणाला दिलं? तिचंच विशेषण, शेवटचा काना काढून, ह्याच्या अंगात चढवलंय. बाहीत आखूडच होतं.

पंखा थांबतो, भिंती विरतात, काळ मागे सरकतो. घोड नदीच्या काठावर जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यातून वर येतं. तालुक्याला नाव ठेवून बुडालेलं गाव. तुम्ही उत्तरेला वळता.

फेब्रुवारी 1630, शिवनेरी. वारा बोचरा. जिजाबाईंचे दिवस भरत आलेत. त्यांच्या सोयरिकीची गोष्ट बखरीत आहे: रंगाच्या सणाला लखुजी जाधवांनी कौतुकाने म्हटलं, जोडा शोभतो. मालोजी भोसल्यांनी लगेच उठून सगळ्यांना साक्षीला धरलं, आजपासून जाधवराव आमचे व्याही! इतिहासकार खुशाल नाकं मुरडोत. शब्द दिला जाण्याआधीच पकडायचा कसा, हे याहून नेमकं कुठे दिसतं? आणि ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय ती दोन पोरं रंगात माखलेली.

आणखी मागे. इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक, नाणेघाट. कोकणातून मालाचे बैल धापा टाकत चढतायत. लेण्यात दगडाची भुकटी नाकात जाते. नागनिका राणीचा लेख कोरला जातोय. ओळ प्राकृत, अक्षरं ब्राह्मी. छिन्नी एका शब्दावर आहे: कुमारवरस. हा कुमार राजपुत्र की कार्तिकेय, यावर पुढे विद्वान भांडतील. तुम्ही 'वर' बघा. 'वृ' म्हणजे निवडणं. म्हणून वर म्हणजे निवडक, उत्तम, आणि लग्नात पसंत केलेला. त्याला 'नव' चिकटला, मधला एक 'व' गळाला आणि 'नवरा' झाला. पाटाशेजारच्या आजोबांचा शब्द तुमच्या 'वाग्दत्त'पेक्षा जास्त मुरलेला निघाला.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातली माणसं कोरलीत. पुढे त्यांच्या पायांच्याच काय त्या खुणा उरतील, डोक्यावरची नावं मात्र टिकतील. त्यातलं एक जोडप्याचं आहे. आधी देवी नायनिका, म्हणजे नागनिकाच, मग राजा सिरि सातकनि. दोघांना जोडायला एक इवलासा 'च'.