सत्तेची विभागणी आणि सत्तेची मर्यादा : सुरत शहराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
संघराज्यात सत्तेचे विभाजन असते, हे विधान राज्यशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते. परंतु सत्ता विभागली गेली म्हणजे ती मर्यादित झालीच, असे नाही. अधिकार कोणाचा, हे विभागणी सांगते. तो कोठपर्यंत, हे मर्यादा सांगते. हा फरक सुरतेच्या इतिहासातून स्पष्ट होतो.

अठराव्या शतकातील सुरत :
या काळात सुरतेत एकाच वेळी अनेक सत्ता नांदत होत्या. नगराचा कारभार नवाबाकडे, किल्ला किल्लेदाराकडे व आरमार सिद्दींकडे होते. पेशवे व गायकवाड चौथाईचे हक्कदार होते. १७५९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने किल्ला व आरमार यांचा ताबा मिळविला. नवाब नगराचा शासक म्हणून कायम राहिला. १८०० मध्ये करार करून कंपनीने नगराचा कारभारही आपल्याकडे घेतला. सत्ता विभागलेली होती. मात्र या सर्वांना बांधणारा लिखित कायदा किंवा त्यांच्यातील वाद सोडविणारे न्यायपीठ नव्हते. प्रत्येकाची सीमा त्याच्या बळावर ठरे आणि अखेर बलवान पक्षाने सर्व अधिकार गिळंकृत केले.

राज्यघटनेतील व्यवस्था :
१९५० च्या राज्यघटनेने सातव्या अनुसूचीत संघसूची, राज्यसूची व समवर्ती सूची अशी विषयांची वाटणी केली. मूळ घटनेत विद्यापीठांसह शिक्षण हा विषय राज्यसूचीत (नोंद ११) होता. मात्र उच्च शिक्षणाच्या दर्जाचे निर्धारण व समन्वय संघसूचीत (नोंद ६६) ठेवण्यात आले.

या वाटणीची कसोटी गुजरातमध्येच लागली. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन होऊन सुरत गुजरात राज्यात आली. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई राज्याची शालान्त परीक्षा मराठी माध्यमातून उत्तीर्ण झालेल्या एका विद्यार्थ्याने अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इंग्रजी माध्यमाच्या वर्गात प्रवेश घेतला. १९६१ मध्ये इंटरच्या वर्गासाठी मात्र विद्यापीठाच्या नियमांमुळे त्याला इंग्रजी माध्यम नाकारण्यात आले. हाच 'गुजरात युनिव्हर्सिटी विरुद्ध मुधोळकर' हा प्रसिद्ध खटला होय. सुरतेची महाविद्यालये त्या वेळी याच विद्यापीठाच्या कक्षेत होती. दक्षिण गुजरातसाठी स्वतंत्र विद्यापीठाचा कायदा १९६५ मध्ये झाला.

सप्टेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्या. जे. सी. शहा यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालानुसार, गुजराती हेच एकमेव माध्यम लादण्याचा अधिकार १९४९ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठाला दिलेला नव्हता. तसेच पाठ्यपुस्तके व योग्य शिक्षक यांच्या अभावी माध्यमाच्या सक्तीमुळे शिक्षणाचा दर्जा घसरण्याचा संभव असेल, तर तो विषय संघसूचीच्या कक्षेत जातो. न्या. सुब्बाराव यांनी याला असहमती दर्शविली. माध्यम हा राज्याच्याच अधिकारातील विषय आहे, असे त्यांचे मत होते. हा मतभेद महत्त्वाचा आहे, कारण प्रादेशिक भाषेला उच्च शिक्षणात स्थान देणे हा राज्याचा हेतूही गैर म्हणता येत नाही.

मूलभूत हक्कांची मर्यादा :
विषयांची वाटणी घटनादुरुस्तीने बदलू शकते. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले व केंद्राचा अधिकार वाढला. परंतु केंद्र असो वा राज्य, अनुच्छेद ३० ची मर्यादा दोघांनाही लागू राहिली. धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क हा अनुच्छेद देतो. १९७४ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरात विद्यापीठ कायद्यातील काही कलमे अल्पसंख्याक संस्थांना लागू होऊ शकत नाहीत, असा निर्णय दिला. त्याच वेळी, शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी वाजवी नियमन करता येते, हेही न्यायालयाने मान्य केले. म्हणजे संस्थेचा हक्कही निरंकुश नाही.

१९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-अ हीच जबाबदारी स्थानिक संस्थांपर्यंत नेतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयी उपलब्ध करून देण्याचा प्रयत्न राज्याने व स्थानिक संस्थांनी करावा, असे तो सांगतो. सुरत महानगरपालिकेच्या गुजराती, मराठी, उर्दू, हिंदी, उडिया व तेलुगू माध्यमांच्या शाळा या दृष्टीने लक्षणीय आहेत. शहरातील खानदेशी कामगाराचे मूल व उर्दूभाषक कुटुंबातील मूल, दोघांचेही हित या तरतुदीशी निगडित आहे.

समारोप :
जुन्या सुरतेत सत्ताधीश अनेक होते, पण सामान्य रयतेला दाद मागण्यास जागा नव्हती. १९६१ मध्ये एका विद्यार्थ्याच्या बाजूने विद्यापीठाविरुद्ध न्यायालयात जाता आले, कारण विभागणीला लिखित मर्यादेची व स्वतंत्र न्यायपीठाची जोड मिळाली होती. म्हणून वर्गात संघराज्य शिकविताना केवळ तीन सूच्यांचे पाठांतर पुरेसे नाही. कोणताही शासननिर्णय समोर आला की दोन प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावली पाहिजे : हा अधिकार कोणाचा आहे, आणि तो कोठे संपतो? अल्पसंख्याक समाजाच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे.