नांदेड ते अमृतसर

मैत्रिणींनो, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात आपल्याला पंजाबच्या बाया भेटतात. किती लांबून येतात त्या?

1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांचं निर्वाण नांदेडला झालं. महाराजा रणजितसिंगांनी 1830 च्या दशकात गुरुद्वारा बांधवला, तेव्हा इथे रेल्वे नव्हती. लोक पायी, घोड्यावर नाहीतर बैलगाडीनं यायचे. पुढे सचखंड एक्सप्रेसनं अमृतसरचा 2,000 किलोमीटरहून लांबचा प्रवास दीड दिवसावर आणला. डिसेंबर 2017 मध्ये थेट विमान सुरू झालं. सरळ रेषेत अंतर सुमारे 1,400 किलोमीटर, वेळ साधारण अडीच तास.

अंतर तेच, वेळ घटला. मग आपल्या वाडीतून अडलेल्या बाळंतिणीला हदगावच्या दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो? या महिन्याच्या बैठकीत तोही मोजू या.