पथ्याला सोबत

पथ्य सांगणे सोपे, पाळणे कठीण. १९६१ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील जीन नायडिच या गृहिणीचे वजन २१४ पौंड होते. नगराच्या आरोग्यखात्याने तिला मासे, भाज्या, साय काढलेले दूध असा मोजका आहार नेमून दिला. आहार उत्तम होता. परंतु आपण चोरून बिस्किटे खातो, हे बोलावे कोणापाशी? तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावले. एकीने मन मोकळे करताच इतरांचीही भीड चेपली. १९६२च्या ऑक्टोबरात तिचे वजन १४२ पौंडांवर आले, आणि १९६३ मध्ये या बैठकींतूनच ‘वेट वॉचर्स’ ही संस्था उभी राहिली. आपल्या पंगतीत आग्रह ही प्रीतीची खूण मानतात. पथ्य पाळणाऱ्याच्या पानापुढे तीच प्रीती हात आवरूनही दाखविता येईल.