रूप, भाषा आणि राजद्रोह : कवी गोविंदांच्या कवनांचा खटला (१९०९)

प्रस्तावना

कवितेचा आशय तिच्या रूपापासून वेगळा काढता येत नाही, हे विधान साहित्यविचारात इतके रूढ झाले आहे की त्याची कसोटी पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. नाशिक जिल्ह्याच्या इतिहासात मात्र ही कसोटी एकदा न्यायालयात लागली आणि तिच्या निर्णयावर एका माणसाचे आयुष्य अवलंबून राहिले. ती कवने लिहिणारे कवी गोविंद आणि ती प्रसिद्ध करणारे गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांच्याशी निगडित असलेल्या या प्रकरणाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आजच्या नाशिक जिल्ह्यातील मालेगावचा भुईकोट किल्ला नारोशंकर राजेबहाद्दर यांनी अठराव्या शतकात बांधला. अरब शिबंदीच्या कडव्या प्रतिकारानंतर जून १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. पेशवाईबरोबर शाहिरांचा राजाश्रयही संपला. परंतु पोवाडा आणि लावणी या रचना लोकांच्या कंठात टिकून राहिल्या. सिन्नर तालुक्यातील वावीचे शाहीर परशराम यांच्यासारख्यांनी ही परंपरा एकोणिसाव्या शतकात पुढे नेली.

राज्यकर्त्यांना हा काव्यप्रकार आरंभी धोकादायक वाटला नाही. हॅरी अर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाच्या पोवाड्याकडे तेव्हा जुन्या काळाचा अवशेष म्हणून पाहिले गेले. एकच काव्यप्रकार निरनिराळ्या हातांत निरनिराळे अर्थ धारण करतो, हे त्याआधीच दिसून आले होते. महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला तेव्हा त्यातील नायक कुळवाड्यांचा, म्हणजे रयतेचा राजा होता. पुढे सार्वजनिक गणेशोत्सव आणि शिवजयंती यांच्या व्यासपीठांवर त्याच नायकाला परकीय सत्तेच्या विरोधकाचे रूप आले.

लावणीकडून पोवाड्याकडे

गोविंद त्र्यंबक दरेकर (१८७४–१९२६) हे मूळचे लावण्या रचणारे कवी होते. त्यांचे दोन्ही पाय अधू होते. नाशिकमध्ये सावरकर बंधू आणि मित्रमेळ्याचा सहवास लाभल्यावर त्यांची प्रतिभा देशभक्तिपर कवनांकडे वळली. मित्रमेळ्याचेच १९०४ मध्ये अभिनव भारत या संस्थेत रूपांतर झाले.

हे परिवर्तन विषयाचे होते. रचनेची हत्यारे बहुतांशी जुनीच राहिली. लावणीने कवीला बोलभाषेची लवचिकता, चालीची जाण आणि समोर बसलेल्या श्रोत्याचे भान दिलेले होते. पोवाड्याच्या रूपात या गुणांना वेगळेच बळ येते. डफ-तुणतुण्याच्या साथीने शाहीर कडवे म्हणतो आणि झीलकरी पालुपद उचलून धरतात. एकांतात वाचलेला विचार वाचकाचा स्वतःचा राहतो. समूहाने पुनःपुन्हा उच्चारलेले पालुपद मात्र समूहाची प्रतिज्ञा बनते.

दुसरा आधार कीर्तनपरंपरेचा होता. कीर्तनकार पूर्वरंगात तत्त्व मांडतो आणि उत्तररंगात आख्यान सांगून ते ठसवतो. त्यामुळे पुराणातील प्रसंग आपल्या वर्तमानाला लावून पाहण्याची सवय मराठी श्रोत्याला पिढ्यान्‌पिढ्या होती. दैत्याचा उल्लेख आला की तो दैत्य कोण, हे त्याला वेगळे सांगावे लागत नसे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९०७ मधील ‘कीचकवध’ नाटकाने याच सवयीचा उपयोग केला. सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली.

न्यायालयातील अर्थनिर्णय

‘लघु अभिनव भारत माला’ ही सुमारे अठरा कवनांची पुस्तिका बाबारावांनी १९०८ च्या आरंभी प्रसिद्ध केली. त्यांपैकी चार कवनांवर आरोप ठेवण्यात आला. राजाविरुद्ध युद्धास चिथावणी आणि राजद्रोह या आरोपांखाली नाशिकच्या सत्र न्यायालयाने जून १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. शिक्षा कवीला नव्हे, प्रकाशकाला झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली.

उच्च न्यायालयातील दोन न्यायाधीशांपैकी एक नारायण गणेश चंदावरकर होते. प्रार्थना समाजाचे नेते आणि १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या चंदावरकरांना मराठी उत्तम अवगत होते. त्यांच्या निर्णयाचा सारांश असा की, कवनांतील देवादिकांची आणि शिवाजी महाराजांसारख्या वीरांची नावे केवळ निमित्त आहेत. परकीय व जुलमी राज्याविरुद्ध शस्त्र उचलावे, हेच त्यांचे मुख्य सांगणे आहे. अर्थ लावण्यासाठी भगवद्गीतेतील कल्पनांचा आधार घेण्याची आवश्यकता नाही; मराठी जाणणाऱ्या कोणालाही त्यांचा अन्य अर्थ वाटणार नाही.

१८९७ च्या टिळक खटल्याशी तुलना केली असता या निर्णयाचे वेगळेपण स्पष्ट होते. त्या खटल्यातही ‘केसरी’तील एक कविता पुराव्यात होती आणि तिच्यात खुद्द शिवाजी महाराज बोलतात अशी योजना होती. परंतु तेथे मराठी मजकूर इंग्रजी भाषांतरातून ज्यूरीपुढे गेला. सहा युरोपीय सदस्यांनी टिळकांना दोषी ठरवले, तर तीन भारतीय सदस्यांनी निर्दोष मानले. मूळ शब्दाची छटा भाषांतरात पालटते, असे म्हणण्यास तेथे वाव होता. १९०९ मध्ये न्यायाधीश स्वतःच मराठी जाणणारे असल्यामुळे तो वाव उरला नाही.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा वाद अभिधा आणि व्यंजना यांचा म्हणता येईल. शब्दशः पाहिले तर कवने देवांची व ऐतिहासिक वीरांची होती. त्यांतून सूचित होणारा अर्थ मात्र वर्तमानाचा होता. व्यंजना समजण्यासाठी सहृदय श्रोता लागतो. नाशिकच्या गल्लीतील श्रोत्याला जो अर्थ भावला, तोच उच्च न्यायालयातील न्यायाधीशाने ग्रहण केला. एकाने त्याला दाद दिली, दुसऱ्याने शिक्षा कायम केली.

परिणाम

बाबारावांची रवानगी अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये झाली. १९२१ मध्ये त्यांना स्वदेशी आणण्यात आले व १९२२ मध्ये त्यांची सुटका झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’च्या प्रयोगप्रसंगी अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांची गोळ्या घालून हत्या केली. बाबारावांवरील कारवाईचा रोष हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. संस्कृतचे आणि लोकवाङ्मयाचे अभ्यासक म्हणून जॅक्सन यांची ख्याती होती, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. लोकांच्या भाषेविषयी आस्था असलेला अधिकारी आणि त्याच भाषेतून बोलणारा असंतोष यांच्यामधील अंतर त्या आस्थेने मिटले नाही.

निष्कर्ष

या प्रकरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पोवाडा आणि आख्यान ही रूपे कवितेच्या अर्थाला आडोसा देत होती आणि त्याच वेळी तो अर्थ श्रोत्यांपर्यंत पोहोचवीतही होती. आडोसा पुरेसा दाट असता तर कवने निष्प्रभ ठरली असती. तो विरळ होता म्हणूनच ती परिणामकारक झाली आणि त्याच कारणाने दंडनीयही ठरली. दुसरी, सोप्या बोलभाषेची निवड ही केवळ शैलीची बाब नव्हती. जी भाषा सर्वांना कळते तिच्यातील अर्थ नाकारता येत नाही. गोविंदांच्या कवित्वाचे यश हाच बाबारावांविरुद्धचा पुरावा ठरला. कवितेच्या रूपाचा अभ्यास करताना तिचे छंद आणि अलंकार मोजण्याबरोबरच, ती कोणी, कोणापुढे आणि कोणत्या काळात म्हटली, याचाही शोध घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.